सुट्टीतले वाचन आणि 'पुढे कोण?'





नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा आम्हां प्रयोगशाळेतल्या माणसांना फार प्रिय. कुणाची मीटिंग नाही, कुणाचा अहवाल नाही. बाहेर गुडघाभर बर्फ. भारतात जावे तर चौघांच्या तिकिटांचा आकडा ऐकूनच थंडी वाजते. मग उरते काय, तर चहा, चिवडा आणि पुस्तके. दरवर्षी जानेवारीच्या अंकात आम्ही सुट्टीत काय वाचले ते लिहितो आणि दरवर्षी दोन-चार वाचक ती पुस्तके आमच्याकडून मागून नेतात. (त्यांतली काही परतही येतात. सर्व संबंधितांचे आभार!)

या वर्षी मात्र वाचनाला एक निमित्त होते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आपल्या मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. अध्यक्ष, चिटणीस आणि मराठी शाळेचे प्रमुख अशा तीन जागा भरायच्या आहेत. इच्छुकांनी नावे कळवावीत असे पत्र चिटणीसांनी नोव्हेंबरात सर्वांना पाठवले. हा मजकूर लिहीपर्यंत आलेल्या नावांची संख्या आहे शून्य. सध्याचे अध्यक्ष एका वर्षासाठी म्हणून आले होते, त्यांचे हे तिसरे वर्ष संपते आहे. शाळेच्या बाई नऊ वर्षे दर रविवारी शाळा चालवताहेत. यजमानांच्या नोकरीमुळे त्या जूनमध्ये दुसऱ्या राज्यात चालल्या आहेत. तीन वर्गांत मिळून चौतीस मुले आहेत. प्रमुख मिळाला नाही तर सप्टेंबरात शाळा उघडणार नाही, असे कार्यकारिणीने स्पष्टच सांगितले आहे.

तेव्हा आम्ही ठरवले की या सुट्टीत 'नेतृत्व' या विषयावर काहीतरी वाचावे. वाचनालयात त्या विषयाचे एक कपाटच आहे. सात सवयी, दहा नियम, एका मिनिटात साहेब कसे व्हावे, सगळे काही मिळते. दोन-तीन चाळून पाहिली. सगळ्यांत चौकोन, बाण आणि त्रिकोण. शेवटी ते कपाट सोडून आम्ही दोन खरीखुरी माणसांची पुस्तके घरी आणली आणि ती वाचताना आपल्या मंडळाची आठवण पानोपानी येत गेली.

पहिले पुस्तक आल्फ्रेड लॅन्सिंग यांचे 'एन्ड्युरन्स'. हे १९५९ साली प्रसिद्ध झाले आणि अजूनही दुकानात मिळते. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. सर अर्नेस्ट शॅकल्टन हे दक्षिण ध्रुवाचा प्रदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी ओलांडायला निघाले. डिसेंबर १९१४ मध्ये 'एन्ड्युरन्स' जहाजाने साउथ जॉर्जिया बेट सोडले आणि जानेवारी १९१५ मध्ये ते बर्फात अडकले. नऊ महिने बर्फाने त्याला दाबले, चिरडले. ऑक्टोबरात जहाज सोडावे लागले आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी ते बुडाले. अठ्ठावीस माणसे तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. बर्फ फुटू लागल्यावर एप्रिल १९१६ मध्ये ती तीन होड्यांतून एलिफंट नावाच्या निर्जन बेटावर पोहोचली. तिथे मदत येण्याची शक्यता नव्हती. म्हणून शॅकल्टन पाच जणांना घेऊन जेमतेम बावीस फुटी होडीतून, जगातल्या सर्वांत वाईट समुद्रातून, सुमारे आठशे सागरी मैल दूर असलेल्या साउथ जॉर्जियाला पोहोचले. तिथले बर्फाचे डोंगर ओलांडून देवमासे पकडणाऱ्यांच्या वस्तीत गेले आणि तीन प्रयत्न फसल्यावर चौथ्या प्रयत्नात, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिली देशाच्या 'येल्चो' या लहानशा बोटीतून उरलेल्या बावीस जणांना घेऊन आले. अठ्ठावीसही माणसे जिवंत राहिली. जहाज मात्र थेट मार्च २०२२ मध्ये समुद्राच्या तळाशी, ३००८ मीटर खोलीवर सापडले.

ही गोष्ट आता ऑफिसच्या शिबिरांतही सांगितली जाते. तिथे भर असतो तो धाडसावर, होडीवर, वादळावर. आम्हांला मात्र बर्फावरच्या त्या कंटाळवाण्या महिन्यांची पाने जास्त आवडली. कारण मंडळ चालवणे हे वादळापेक्षा त्या महिन्यांसारखेच असते!

एक-दोन गोष्टी सांगतो. जहाज सोडताना प्रत्येकाला स्वतःचे सामान फक्त दोन पौंड ठेवता येईल असा हुकूम निघाला. हुकूम सांगून झाल्यावर शॅकल्टननी सर्वांसमक्ष आपल्याकडची सोन्याची नाणी बर्फावर टाकली. पण हसी नावाच्या गड्याचा बँजो मात्र, चांगला जड असूनही, त्यांनी बरोबर घ्यायला लावला. माणसांना संध्याकाळी गाणे लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. झोपायच्या पिशव्या वाटताना उबदार फरच्या पिशव्या कमी आणि लोकरीच्या पातळ पिशव्या उरलेल्या, अशी परिस्थिती होती. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि 'योगायोगाने' फरच्या पिशव्या बहुतेक साध्या खलाशांना आणि पातळ पिशव्या साहेब मंडळींना मिळाल्या. हा योगायोग कुणी घडवला हे सर्वांना कळत होते. होडीत कुणी एक जण फार गारठलेला दिसला, की शॅकल्टन सगळ्यांनाच गरम दूध द्यायला सांगत. एकट्याला दिले तर त्याला आपण कमी पडलो असे वाटेल, म्हणून.

आमच्या सौ.नी हा भाग ऐकला आणि म्हणाल्या, "यात नवीन काय? पंगतीत वाढणारी कुठलीही बाई हेच करते." विचार केला तर खरेच आहे. कुणाच्या पानात काय संपले आहे ते न विचारता पाहायचे आणि त्याचे नाव न घेता सगळ्या ओळीतून पुन्हा एकदा वाढप फिरवायचे. आपल्या गणपतीच्या जेवणाला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहणाऱ्या काकू हेच करत आल्या आहेत. त्यांना कुणी 'नेतृत्वगुण' वगैरे म्हटले नाही, एवढाच फरक.

पण या पुस्तकात आम्हांला सर्वांत मोठा वाटला तो शॅकल्टन नव्हे, तर फ्रँक वाइल्ड. शॅकल्टन होडीतून निघून गेले तेव्हा बेटावरच्या बावीस जणांचा भार त्यांनी वाइल्डवर टाकला. वरिष्ठ परत येतील की नाही हे कुणालाच माहीत नव्हते. वाइल्डनी उरलेल्या दोन होड्या उलट्या करून त्यांची झोपडी बनवली. अंधार, काजळी, पेंग्विनचे मांस आणि थंडी यांत त्या माणसांनी २४ एप्रिलपासून ३० ऑगस्टपर्यंत एकशे अठ्ठावीस दिवस काढले. समुद्र जरा मोकळा दिसला, की सकाळी उठून वाइल्ड सर्वांना बिछाने गुंडाळून सामान बांधून ठेवायला सांगत, कारण बोट आजही येऊ शकते. ज्या दिवशी ती खरोखर आली त्या दिवशी तासाभरात सगळे निघाले.

रसायनशास्त्राच्या माणसाला खिळवून ठेवणारा एक प्रसंगही याच झोपडीतला आहे. ब्लॅकबरो नावाच्या तरुण मुलाची बोटे हिमदंशाने सडली होती आणि डाव्या पायाची बोटे कापणे भाग होते. डॉक्टरांकडे थोडेसे क्लोरोफॉर्म होते. पण क्लोरोफॉर्मची वाफ झाली तरच ते हुंगवता येते आणि कडाक्याच्या थंडीत त्याची पुरेशी वाफ होत नाही. मग काय केले? बाकीच्यांना बाहेर काढून, स्टोव्हमध्ये पेंग्विनची कातडी एकामागून एक जाळून त्यांनी ती झोपडी तापवली आणि वाफ होऊ लागल्यावर शस्त्रक्रिया केली. मुलगा वाचला. वरिष्ठ शेकडो मैल दूर असताना हे सगळे घडले. विचारायला कुणी नव्हते आणि विचारण्यावाचून काही अडलेही नाही. शॅकल्टनच्या यशाचा अर्धा भाग या झोपडीत आहे, असे आमचे मत झाले. आपण नसताना काम चालेल असा माणूस त्यांनी आधीच हाताशी तयार ठेवला होता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आमचाही लेख त्या कपाटातल्या पुस्तकांसारखा होईल. ध्रुवप्रदेशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर याच मोहिमेची आणखी एक तुकडी होती. शॅकल्टन येतील म्हणून तिने वाटेत अन्नाचे साठे ठेवले. शॅकल्टन आलेच नाहीत आणि त्या तुकडीतली तीन माणसे मेली. शिवाय मॅकनिश नावाचा सुतार. हा कुरकुऱ्या माणूस. बर्फावर एकदा त्याने उघड उघड हुकूम मानायचे नाकारले. पण त्या बावीस फुटी होडीच्या बाजू उंच करून, वर आच्छादन ठोकून तिला समुद्रात जाण्याजोगी केली ती त्यानेच. तो नसता तर होडी पहिल्याच वादळात भरली असती. परत आल्यावर बहुतेकांना ध्रुवपदक मिळाले. शॅकल्टननी शिफारस न केल्यामुळे मॅकनिशसह चौघांना ते मिळाले नाही. वाचून वाईट वाटते. सभेत भांडणारा आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सहाला येऊन ध्वनिक्षेपकाच्या तारा जोडणारा, हे बरेचदा एकच गृहस्थ असतात. त्यांचे भांडण लक्षात राहते आणि तारा विसरल्या जातात. आभारप्रदर्शन लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. फ्रँक वाइल्डचे वाचून झाल्यावर आम्ही मनात शोधू लागलो की आपल्याकडे असा 'मागे राहून सांभाळणारा' कोण? नावे पुष्कळ आठवली, पण पुस्तकांच्या कपाटात हाताला लागले ते पार्वतीबाई आठवले यांचे 'माझी कहाणी'. हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचायला हवे.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपणां सर्वांना शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, त्याच पुढे बाया कर्वे. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा तो १९०० साली गावाबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत हलवला. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि नंतर कित्येक मैल चालत हिंगण्याला जाऊन तिथल्या मुलींना शिकवायचे, असा क्रम. हे आपल्याला माहीत असते. पण प्राध्यापक कॉलेजात असताना आश्रम कोण चालवत होते?

पार्वतीबाई या बाया कर्व्यांच्या सख्ख्या बहीण. कोकणातल्या, विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकायला बसल्या. आश्रमात आल्या त्या विद्यार्थिनी म्हणून आणि पुढे आश्रमाची व्यवस्था त्यांच्याच हाती आली. संस्थेला पैसे हवेत म्हणून गावोगाव हिंडून त्या सभांत बोलू लागल्या. जिला घराच्या ओटीवर येऊन बोलायची सवय नाही अशी बाई परक्या गावात उभी राहून स्त्रीशिक्षणासाठी मदत मागते, याची आज आपल्याला कल्पनाही येणार नाही. आणि मग १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी मदत मिळवावी म्हणून ही बाई एकटीच अमेरिकेला आली! इंग्रजी जेमतेम, ओळखीचे कुणी नाही. इथे राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. १९२० मध्ये परत गेल्या आणि पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या.

विद्यार्थी म्हणून या देशात उतरलो तेव्हा आमच्या हातात विद्यापीठाचे पत्र होते, विमानतळावर घ्यायला मंडळाचे एक काका आले होते आणि पहिल्या आठवड्याच्या आमटी-भाताची सोय त्यांच्या घरी झाली होती. तरीही रात्री झोप लागत नव्हती. पार्वतीबाईंना न्यायला कोण आले असेल, असा विचार मनात आला आणि पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावे लागले.

पार्वतीबाईंमुळे आम्हांला कर्व्यांकडेही नव्याने पाहता आले. त्यांच्या कामांची यादी पाहा. १८९६ मध्ये आश्रम. पुढे महिला विद्यालय. मग या संस्थांना वाहून घेणारे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून 'निष्काम कर्म मठ'. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, ज्याला १९२० मध्ये ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि जे आज एस.एन.डी.टी. म्हणून ओळखले जाते. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ. १९४४ मध्ये समता संघ. एक माणूस इतकी कामे कशी काढू शकतो? तर प्रत्येक काम दुसऱ्याच्या हाती देता येईल असे उभे करून तो पुढच्या कामाला मोकळा होतो म्हणून. आश्रमाच्या चाव्या कमरेला लावून ते बसले असते तर विद्यापीठ झाले नसते. आणि निष्काम कर्म मठाची कल्पना तर पाहा! कार्यकर्ते आभाळातून पडत नाहीत, ते घडवावे लागतात आणि त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. हिंगण्याची ती संस्था आजही चालू आहे.

प्रयोगशाळेत आम्हांला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. वही अशी लिहा की तुम्ही उद्या आला नाहीत तरी दुसऱ्या माणसाला तोच प्रयोग तसाच करता आला पाहिजे. किती ग्रॅम घेतले, कुठल्या बाटलीतले, किती वेळ ढवळले, रंग कधी बदलला. आणि अनेक कंपन्यांत प्रत्येक पानाखाली आपल्या सहीशिवाय आणखी एक सही लागते. ज्याचा त्या प्रयोगाशी संबंध नाही अशा दुसऱ्याने पान वाचून, समजले असे लिहून सही करायची. आता वह्या संगणकावर गेल्या, पण दुसरी सही कायम आहे. जे फक्त एकालाच जमते ते अजून सिद्ध झालेले नाही, असा आमच्या धंद्याचा दंडक.

या दंडकाने आपले मंडळ तपासू. दोनशे माणसांच्या खिचडीला साबुदाणा किती आणि आदल्या रात्री कितीला भिजवायचा, हे फक्त एका काकूंना ठाऊक. शाळेच्या सभागृहाच्या किल्ल्या कुणाकडे मागायच्या आणि विम्याचा कागद कधी भरायचा, हे फक्त अध्यक्षांना ठाऊक. गणपतीचे मखर कुणाच्या बेसमेंटमध्ये कुठल्या खोक्यात आहे, हे ज्यांना ठाऊक होते ते गृहस्थ मागच्या वर्षी टेक्ससला गेले आणि आपण दोन शनिवार खोकी उघडत बसलो. मराठी शाळेच्या बाईंनी नऊ वर्षांत स्वतः बनवलेले धडे त्यांच्या घरच्या एका कपाटात आहेत. म्हणजे आपल्याकडे शॅकल्टन आहेत, कर्वे आहेत. वाइल्ड आणि पार्वतीबाई होण्याची संधी मात्र आपण कुणाला दिलेलीच नाही. पत्राला एकही उत्तर आले नाही याचे कारण लोकांना आस्था नाही हे नसावे. 'अध्यक्ष व्हा' म्हटले की माणसाला तीन वर्षांची शिक्षा दिसते आणि काम नेमके काय हे कुणी दाखवलेलेच नसते. दोन लहान मुले आणि नोकरी सांभाळणारी माणसे अशा वेळी मान खाली घालून चपला शोधू लागतात. त्यात आम्हीही आलो.

म्हणून सभेपुढे आम्ही तीन साध्या सूचना मांडणार आहोत. एक, प्रत्येक पदाला एक जोडीदार असावा. पहिले वर्ष त्याने फक्त बरोबर राहून पाहायचे, दुसऱ्या वर्षी पद घ्यायचे आणि तिसऱ्या वर्षी कुणीही आग्रह केला तरी सोडायचे. दोन, प्रत्येक कार्यक्रमाची एक वही. साबुदाण्यापासून किल्ल्यांपर्यंत सगळे त्यात लिहायचे आणि जोडीदाराने वाचून सही करायची. तीन, शाळेच्या बाई जूनमध्ये जाण्याआधी फेब्रुवारीपासून दर रविवारी दोन पालकांनी त्यांच्या वर्गात मागे बसावे. पाच महिने आहेत. पार्वतीबाई पंचविशीनंतर अक्षरे गिरवून आश्रम चालवू शकल्या, तर आपण पदव्यांचे भारे घेऊन आलेली माणसे चौतीस मुलांना काना-मात्रा शिकवू शकू, असे मानायला हरकत नाही.

नुसत्या सूचना करून मोकळे होणाऱ्यांविषयी आपले मत काय असते ते आम्हांला माहीत आहे. तेव्हा शाळेच्या जोडीदाराच्या जागेसाठी आमचे नाव चिटणीसांकडे कालच दिले आहे. आमच्या ळ-चा उच्चार बरा आहे, अक्षर मात्र डॉक्टरांसारखे आहे (आणि आम्ही तसले डॉक्टर नव्हे). फळ्यावर लिहायला सुवाच्य अक्षराचा दुसरा पालक हवा आहे. इच्छुकांनी सभेच्या दिवशी चहाच्या टेबलापाशी भेटावे.

दोन्ही पुस्तके आमच्याकडे आहेत. 'माझी कहाणी' नेणाऱ्यांनी ते आपल्या आईला किंवा सासूबाईंनाही वाचायला द्यावे, त्या बहुधा तुमच्या आधी संपवतील. सभा दुपारी दोन वाजता नेहमीच्याच सभागृहात आहे. त्यानंतर हळदीकुंकू आणि तिळगूळ. जेवण पॉटलक आहे. मुलांना अवश्य आणा, कारण ठराव त्यांच्या शाळेचा आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि या वेळी जमले तर हातही वर करा!